जुनी वाइन, पोपटी आणि बेलापूरचं अंगण

जानेवारीत नवी मुंबईत दोन गोष्टी एकदम जमून येतात. वालाच्या शेंगा दाण्यांनी भरलेल्या असतात, आणि रात्री बाहेर बसावंसं वाटेल इतपत हवा गार झालेली असते. वर्षातले हे जेमतेम सहा-सात आठवडे. जुनी वाइन मित्रमंडळींबरोबर उघड्यावर प्यायची असेल तर ती याच दिवसांत. मे महिन्यात गच्चीवर दहा वर्षांची रेड उघडणं म्हणजे आजोबांना भर दुपारी बारा वाजता वाशीच्या एपीएमसीत फिरवून आणण्यासारखं आहे.

गेली चार वर्षं आम्ही आठ जण जानेवारीतल्या एका शनिवारी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये जमतो. चार्ल्स कोरियांनी आखलेली ही वसाहत. बैठी घरं, आणि सात-सात घरांच्या मधे सगळ्यांचं मिळून एक अंगण. मैत्रिणीच्या सासूबाई मूळच्या उरणकडच्या. पोपटी, म्हणजे मडक्यात पाल्याबरोबर भाजलेल्या वालाच्या शेंगा, त्याच लावतात. वाइन त्यांनी आयुष्यात तोंडाला लावलेली नाही, पण या सगळ्या प्रकारातला सर्वात उपयोगी सल्ला मला त्यांच्याकडूनच मिळाला. पहिल्या वर्षी मी मटणात आगरी मसाला सढळ हातानं घालत होते. त्यांनी विचारलं, "ती बाटली किती वर्षांची गं?" अकरा, म्हटलं. "मग तिच्यापुढे एवढं तिखट कशाला ठेवतेस? म्हाताऱ्या माणसाला सोसेल तेच वाढावं."

मी ऐकलं नाही. मटण अप्रतिम झालं होतं, वाइन गरम पाण्यासारखी लागली. पुढचं सगळं त्यानंतर शिकलेलं.

बाटली म्हातारी होते म्हणजे काय होतं

तरुण रेड वाइन जीभ आणि हिरड्या आवळून धरते, कच्च्या सुपारीसारखी. हे टॅनिन नावाच्या तुरट द्रव्याचं काम. वर्षं जातात तसे टॅनिनचे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, रंगद्रव्यांना घेऊन तळाशी बसतात आणि वाइन मऊ होते. जांभळा रंग विटकरी होतो. ताज्या फळांचा वास मागे पडतो आणि त्याच्या जागी सुकं अंजीर, चामडं, अळिंबी, ओला पालापाचोळा, तपकिरीची डबी असले वास येतात. व्हाइट वाइन उलट गडद होत जाते, फिकट पिवळ्याची सोनेरी, मग मधासारखी. रीसलिंग या जर्मन द्राक्षाच्या जुन्या व्हाइटला तर चक्क रॉकेलचा वास येतो. स्टोव्हच्या जमान्यात वाढलेल्या आमच्यापैकी दोघांनी तो ग्लास नाकाशी नेला आणि दोघांनाही एकाच क्षणी आईचं स्वयंपाकघर आठवलं. हा दोष नाही, रीसलिंगच्या म्हातारपणाची ती ओळखच आहे.

हे सगळे वास हळू आवाजातले असतात. ताज्या वाइनसारखे ते ओरडत नाहीत. म्हणून जेवणासाठी वाइन शोधायची ही नेहमीची रीत इथे उलटी करावी लागते. आधी बाटली ठरवायची, मग तिला बघून स्वयंपाक.

आणि एक गैरसमज आधीच काढून टाकू. सगळ्या वाइन जुन्या होऊन चांगल्या होत नाहीत. बहुतेक होत नाहीतच. आपल्या नाशिकची शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ, रोझे, साध्या रेड, या दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. त्या ठेवून फक्त शिळ्या होतात.

बाटली कुठून आणायची

माझी स्वतःची गोष्ट सांगते. लग्नाच्या वेळी भेट मिळालेली एक बरी फ्रेंच रेड मी नेरुळच्या घरात हॉलमधल्या शोकेसमध्ये नऊ वर्षं जपली. पश्चिमेची भिंत, काचेचं कपाट, उभी बाटली. उघडली तेव्हा ती चहाच्या रंगाची झाली होती आणि कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी वासाला लागत होती. सासऱ्यांनी सभ्यपणे अर्धा ग्लास संपवला, बाकीची बेसिनमध्ये गेली.

वाइनला १२ ते १४ अंश तापमान, अंधार आणि थोडा ओलसरपणा लागतो. आपल्या घरात वर्षातले बरेच महिने पारा तिशीच्या आसपास असतो. तेव्हा वर्षानुवर्षं घरी ठेवायचं असेल तर वाइनचा छोटा कूलर घ्या, नाहीतर आधीच जुनी झालेली, नीट ठेवलेली बाटली विकत आणा आणि महिन्याभरात उघडा. महिनाभर साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून, आडवी ठेवली तर बिघडत नाही.

सर्वात सोपा मार्ग स्पेनच्या रिओहाचा. तिथे 'रेसेर्वा' म्हणून विकायची रेड किमान ३ वर्षं मुरवावीच लागते, त्यातलं किमान १ वर्ष लाकडी पिंपात. 'ग्रान रेसेर्वा'साठी किमान ५ वर्षं. म्हणजे थांबण्याचं काम त्यांनी थंड तळघरात करून ठेवलेलं असतं. कोणी परदेशातून येणार असेल तर हीच सांगा. विमानतळावरच्या सवलतीत एका प्रवाशाला २ लिटर मद्य आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या आणि वर ३७५ मिलीची एक अर्धी बाटली. तिसरी पूर्ण बाटली त्यात बसत नाही, हे मुंबई विमानतळावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

देशी बाटल्यांत अकलूजच्या फ्राटेलीची सेत्ते, सुलाची रासा शिराझ, ग्रोव्हर झंपाची ला रिझर्व्ह, हंपीच्या बाजूची क्रस्माची कॅबरने सोव्हिन्यों, या पिंपात मुरवलेल्या रेड आहेत. नीट गार ठेवलेल्या असतील तर चार-सहा वर्षं सहज काढतात. एक गंमत लक्षात ठेवा. आपल्याकडे द्राक्षतोड जानेवारी ते मार्च, युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबर. त्यामुळे लेबलवर एकच साल असलेली आपली बाटली त्यांच्यापेक्षा सहा-आठ महिन्यांनी मोठी असते.

दुकानात बाटली हातात घेतल्यावर तीन गोष्टी बघा. उजेडासमोर धरून वाइनची पातळी मानेपर्यंत आहे का. खांद्याच्या खाली उतरली असेल तर हवा शिरलेली आहे. वरचं आवरण चिकट नाही ना. आणि बूच फुगून वर आलेलं नाही ना. आलं असेल तर बाटली कुठेतरी उन्हात तापलेली आहे. दुकानाबाहेर उन्हात पेट्या रचून ठेवणाऱ्याकडून जुनी वाइन घेऊच नका, कितीही सूट असो.

तारीख आणि जागा

तारीख ठरवताना कालनिर्णय उघडा. मार्गशीर्षात निम्मी मंडळी मांसमच्छी खात नाहीत, संकष्टीला काही जण उपास करतात. मार्गशीर्ष संपल्यानंतरचा, संक्रांतीच्या आसपासचा शनिवार आम्हाला सोयीचा पडतो. त्याचं आणखी एक कारण आहे, गूळपोळी. ते पुढे येईल.

जागा खासगी हवी. येऊरच्या वाटेवर, उपवनच्या काठावर, पाम बीच रोडला गाडी लावून बाटली उघडणं हा गुन्हा आहे आणि जुन्या वाइनचा अपमानही. घराचं अंगण, स्वतःची गच्ची, कुणाचं पनवेलकडचं शेतघर, हे ठीक. सोसायटीच्या सामायिक गच्चीवर असेल तर आधी लेखी विचारा. राज्यात मद्य बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, तो एक दिवसाचाही मिळतो, काढून ठेवा. विस्तव पेटवणार असाल तर शेजाऱ्यांना नुसतं सांगू नका, जेवायलाच बोलवा.

उघड्यावर वाइनचे खरे शत्रू मात्र वेगळेच. डासांच्या कॉइलचा धूर, अगरबत्ती, मोगऱ्याचा गजरा, जेवणाऱ्यांचा परफ्यूम. एक कॉइल चाळीस युरोची बाटली पाच मिनिटांत मुकी करू शकते. आम्ही टेबलाखाली पायांच्या पातळीवर पंखा लावतो. वाऱ्याच्या झोतात डास टिकत नाहीत. बाकी पूर्ण बाह्यांचे कपडे. रातराणीचं झाड असेल तर टेबल त्याच्यापासून लांब. पोपटीचा जाळ कुठे लावायचा हे ठरवण्याआधी चिमूटभर राख हवेत सोडून वारा बघा, आणि टेबल वाऱ्याच्या वरच्या अंगाला मांडा.

दोन दिवस आधी

बाटली पाहुण्यांच्या आधी पोचली पाहिजे. हे लोक विसरतात. जुन्या रेडच्या तळाशी गाळ असतो. नेरुळहून बेलापूरला येताना चार गतिरोधक बसले की तो सगळीकडे पसरतो आणि वाइन गढूळ, कडवट होते. मी गुरुवारीच बाटली मैत्रिणीकडे नेऊन ठेवते. ती सर्वात गार खोलीत, अंधारात, उभी ठेवायची. दोन दिवसांत गाळ खाली बसतो. कुणी हलवू नये म्हणून आमच्याकडे तिच्या मानेला लाल दोरा बांधतात, त्यामुळे ती देवाची वाटते आणि मुलं हात लावत नाहीत.

ग्लास तेव्हाच काढा. मोठ्या पोटाचे, पातळ काचेचे, साधे. गरम पाण्यानं धुवा, कोरड्या सुती कापडानं पुसा आणि नाक घालून हुंगून बघा. कपाटात डांबरगोळ्या असतील तर ग्लासलाही तो वास लागतो. भांड्याच्या साबणाचा लिंबाचा वास तर हमखास.

हिशोब असा. ७५० मिलीच्या बाटलीतून आठ जणांना प्रत्येकी ९० मिली येते, थोडा गाळ सोडून. जुन्या वाइनला एवढी पुरते. आम्ही आठ जणांत चार बाटल्या काढतो. सुरुवातीला एक फेसाळ, मग जुनी व्हाइट, मग जुनी रेड, शेवटी मदीरा या गोड पोर्तुगीज वाइनची एक लहान बाटली. शिवाय एक तरुण, साधी रेड आत तयार ठेवायची. जुन्या बाटलीचा भरवसा नसतो. उघडल्यावर मेलेली निघाली तर पोपटी कोरडी जाता कामा नये.

बेत

आधी काय नको ते. लवंगी मिरचीचा ठेचा, कच्चा कांदा, कच्चा लसूण, लिंबाची फोड, व्हिनेगरमधलं सॅलड आणि, मला सांगतानाही वाईट वाटतं, सोलकढी. मिरचीचा जाळ अल्कोहोलमुळे वाढतो आणि जुन्या वाइनचे बारीक वास त्यात जळून जातात. कोकमाचा आंबटपणा एवढा धारदार असतो की त्याच्यानंतर घेतलेली मऊ रेड पाणचट लागते. सोलकढी मदीरा संपल्यावर द्या, कुणी नाही म्हणणार नाही. कच्चा कांदा तोंडात तासभर राहतो, म्हणून तो त्या रात्री बाद.

मीठ मात्र हात राखून घालू नका. मिठानं वाइनचा कडवटपणा कमी जाणवतो. खोबरं, तूप, भाजलेलं, धुरावलेलं, मंद आचेवर मुरलेलं, हे सगळं जुन्या वाइनच्या बाजूचं.

फेसाळ वाइन जुनी नको, ताजी हवी. देशी ब्रूट, म्हणजे जवळपास बिनगोड फेसाळ, चालेल. तिच्याबरोबर रव्यात घोळवून तळलेले बोंबील, तिखट अगदी बेतानं. बेलापूरजवळच्या दिवाळे गावच्या मासळीबाजारात सकाळी लवकर गेलं तर ताजे मिळतात. बोंबील दुपारपर्यंत थांबत नाहीत. फेस आणि आंबटपणा तळणाचं तेल धुऊन काढतो. नाचणीचा पापडही इथेच.

दुसरा घास व्हाइटचा. आठ-दहा वर्षांची, किंचित गोड जर्मन रीसलिंग मिळाली तर सोनं. लेबलवर 'कॅबिनेट' किंवा 'श्पेटलेझं' असं काही असेल तर बहुधा थोडी गोडी असते. ती गोडी मसाल्याला सांभाळून घेते, आणि आंबटपणा इतकी वर्षं होऊनही शाबूत असतो. तिच्याबरोबर नारळाच्या दुधातली कोळंबी, हळद-आलं-हिरवी मिरची एकच, चिंच-कोकम नाही. आणि शाकाहाऱ्यांसाठी वालाचं बिरडं. बिरड्याला स्वतःचा एक मंद कडवटपणा असतो. तरुण, टॅनिनवाली रेड त्यावर आणखी कडू लागते. जुनी व्हाइट नारळाला धरते आणि कडूपणा गिळून टाकते. आमच्यातल्या एका कट्टर मांसाहाऱ्यानं गेल्या वर्षी बिरडं तीनदा वाढून घेतलं.

मासळी मात्र इथेच संपवा, रेडपर्यंत ओढू नका. रेड वाइनमधलं लोह आणि मासळीतली चरबी एकत्र आली की तोंडात शिळ्या मासळीची चव येते. वाइन आणि मासळी दोन्ही उत्तम असल्या तरी ती येते. हे लोहाचं प्रमाण बाटलीगणिक बदलतं, म्हणून कुणी कुणी "मला तर कधीच लागलं नाही" म्हणतो. त्याचं नशीब चांगलं.

पोपटी

आता मुख्य. पोपटी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मातीच्या मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला अंथरायचा. त्यावर धुतलेल्या वालाच्या शेंगा, खडेमीठ आणि ओवा चोळून. मधे बटाटे, रताळी, कोनफळ, अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेले कोंबडीचे तुकडे. वर पुन्हा शेंगा, पुन्हा पाला, तोंड पाल्यानं गच्च दाबून बंद. तेल नाही, पाणी नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, सुकी लाकडं रचून पेटवायची. अर्धा-पाऊण तास. झाली की नाही हे बघायला मडक्यावर पाण्याचा हबका मारतात. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडालं की झाली. शाकाहाऱ्यांचं मडकं वेगळं लावा, त्यात कोंबडी-अंडी सोडून सगळं, वर दोन-चार अळिंब्या.

कोंबडीला फक्त आलं, लसूण, हळद, मीठ, थोडी मिरपूड आणि रंगापुरती काश्मिरी मिरची. एरवी सासूबाई तिच्यात भरपूर हिरवं वाटण भरतात, पण त्या रात्री त्या स्वतःच हात आखडतात.

मला विचाराल तर जुन्या रेडसाठी महाराष्ट्रात याहून चांगलं जेवण नाही. भांबुर्ड्याचा रानटी, औषधी वास, माती, धूर, वालाचा सौम्य कडूपणा, सगळं त्या वाइनमध्ये आधीच असतं. ओल्या पानांचा आणि मातीचा जो वास अकरा वर्षांच्या रिओहात येतो तोच मडक्यातून येतो. टॅनिन मऊ झालेलं असल्यामुळे वालाशी भांडण नाही. आणि पोपटी चवीला मुळात शांत असते.

एक अडचण अंड्यांची. पिवळा बलक जिभेवर थर धरतो आणि रेड मातकट लागते. आम्ही मडकं फोडल्यावर अंडी बाजूला काढतो आणि उरलेल्या फेसाळ वाइनबरोबर खातो.

पोपटीनंतर, वाइन ग्लासात दोन घोट उरलेली असताना, मटण सुकं आणि तांदळाची भाकरी. मटण आदल्या दिवशी करा, मुरलेलं बरं. एक किलोला भाजलेला कांदा आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण, दहा-बारा काळी मिरी, दगडफुलाच्या एक-दोन पाकळ्या, एक चमचा काश्मिरी तिखट. दगडफूल विसरू नका. जुन्या रेडच्या जंगली वासाला तो मसाला ओळख देतो. चिंच, दही, टोमॅटो नाही. तुकडे चरबीचे आणि नळीचे घ्या. पावापेक्षा भाकरी उजवी, कारण ती गोड नसते, आंबट नसते, आणि प्रत्येक घोटाआधी तोंड पुसून देते. शाकाहाऱ्यांना त्याच निखाऱ्यांत भाजलेल्या वांग्याचं भरीत, कच्च्या कांद्याऐवजी परतलेल्या पातीच्या कांद्याचं.

उघडायची कशी, गार किती

बूच दहा वर्षांचं झालं की ठिसूळ होतं. स्क्रू घातला की मधूनच तुटतं. दोन पातळ पात्यांचा ओपनर मिळतो. पाती बूच आणि काच यांच्यामध्ये डोलवत डोलवत खाली सरकवायची आणि गोल फिरवत वर ओढायचं. साधाच स्क्रू असेल तर तो पूर्ण खाली जाऊ द्या आणि घाई करू नका. तुटलंच तर उरलेलं आत ढकला आणि वाइन धुतलेल्या मलमलच्या फडक्यातून गाळा. चहाची गाळणी नको, तिला चहाचा वास असतो.

आधी एक घोट स्वतः घ्या. भिजलेल्या पोत्याचा, ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बाधलेलं आहे. बाटली गेली, आतली साधी रेड बाहेर काढा. नेलपॉलिशचा किंवा व्हिनेगरचा वास आला तरी तेच. नुसता कोंदट वास असेल तर दहा मिनिटं थांबा, तो बहुधा उडून जातो.

गाळ वेगळा करायला काचेचा जग घ्या. टेबलावर मोबाइलचा टॉर्च वर तोंड करून ठेवा आणि बाटलीची मान त्याच्या प्रकाशावर धरून एकाच संथ धारेत ओता. मधे थांबून बाटली सरळ केली की गाळ ढवळतो. काळसर रेघ खांद्यापाशी आली की थांबा. उरलेला पाव ग्लासभर गाळ आमच्याकडे कढीपत्त्याच्या कुंडीला जातो. मग बाटली पाण्यानं विसळून, निथळून वाइन पुन्हा तिच्यातच भरायची. उघड्यावर हे फार कामाचं. रुंद तोंडाच्या जगात दिव्याचे किडे पडतात, बाटलीच्या मानेत पडत नाहीत.

हे सगळं केव्हा? आठ-दहा वर्षांची रेड असेल तर जेवणाआधी अर्धा तास. पंधरा-वीस वर्षांची असेल तर वाढण्याच्या अगदी आधी, कारण फार जुनी वाइन हवा लागली की वीस मिनिटांत फुलते आणि तासाभरात मावळते. तासभर आधी जगात ओतून ठेवायचा सल्ला तरुण वाइनसाठी असतो.

गारव्याचं गणित बाहेर बदलतं. पुस्तकात जुन्या रेडला १६ ते १८ अंश लिहिलेलं असतं, पण अंगणात हवा २२-२३ असते, शेजारी जाळ असतो आणि हातात ग्लास असतो. म्हणून मी १५ वर वाढते. दोन घोटांत ती आपोआप सतरावर येते. बादलीत निम्मं पाणी, निम्मा बर्फ आणि मूठभर खडेमीठ. खोलीतल्या तापमानाच्या रेडला दहा मिनिटं पुरतात, व्हाइटला पंचवीस. पण जुन्या रेडची बाटली गाळ काढल्यानंतरच बादलीत घाला. टेबलावर आल्यावर तिला ओल्या मडक्यात उभी करा. जानेवारीच्या कोरड्या हवेत माठाचं तत्त्व छान चालतं. जुनी व्हाइट फ्रिजच्या गारठ्यात देऊ नका, ११-१२ अंशांना तिचा मधाचा वास सुटतो.

ग्लास तिसऱ्या हिश्शापर्यंत भरा. कमी ओतलं की गार राहतं आणि पुन्हा उठून ओतायचं निमित्त मिळतं.

गूळपोळी आणि मदीरा

मदीरा ही पोर्तुगालच्या मदीरा बेटावरची वाइन, आणि माझ्या मते नवी मुंबईच्या हवेसाठीच जन्माला आलेली. पूर्वी जहाजांतून ती विषुववृत्त ओलांडून जायची, पिंपं उन्हाळ्यात तापायची, आणि परत आलेली वाइन बिघडण्याऐवजी सुधारलेली निघायची. मग लोक ती मुद्दाम तापवायला लागले. आजही साधी मदीरा टाक्यांमध्ये ४५ ते ५० अंशांपर्यंत किमान ३ महिने तापवतात आणि उंची मदीरा माळ्यावरच्या उष्णतेत पिंपांत वर्षानुवर्षं मुरते. जिला आधीच भाजून काढलंय तिला आपला उन्हाळा काय करणार? त्यात पोर्तुगीज ठाणं-घोडबंदरच्या बाजूला दोनशे वर्षं होते, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं तोवर. त्यांच्या ताटात गूळपोळी पडली असेल का कुणास ठाऊक, पडायला हवी होती.

गोडाबरोबर वाइन पदार्थाइतकी किंवा त्याहून गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते. मदीराच्या चार मुख्य जाती कोरडीकडून गोडाकडे अशा: सर्सियाल, व्हर्देल्यो, बुआल, मामझी. गूळपोळीला शेवटची. दहा वर्षांची पुरे. तीळ, गूळ, खरपूस बेसन, वरून साजूक तूप, आणि ग्लासात अक्रोड, भाजलेली साखर, संत्र्याची साल. सासूबाईंनी ग्लास नाकाशी नेला, प्यायल्या नाहीत, आणि म्हणाल्या, "ही तर काकवी." त्याहून अचूक वर्णन मी अजून वाचलेलं नाही.

मदीरा मिळाली नाही तर १० वर्षांची टॉनी पोर्ट, तीही पोर्तुगालचीच गोड वाइन. ती पिंपातच मुरलेली असते, गाळ नसतो, ओतायची कसरत नाही. थोडी गार करा. गूळपोळी कोरडी होऊ देऊ नका, आणि पोळी ताजी नसेल तर तव्यावर तुपात परतून घ्या.

वेळ, गाड्या आणि उरलेलं

जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो. आम्ही साडेसहाला बोंबील तळायला घेतो, सातला फेसाळ, पावणेआठला व्हाइट आणि त्याच वेळी पोपटीला जाळ. साडेआठच्या पुढे मडकं फुटतं. रेड त्याच्या अर्धा तास आधी उघडलेली असते. गूळपोळी पावणेदहाला. दर माणशी लिटरभर पाणी टेबलावर, कारण मीठ आणि धूर दोन्ही तहान वाढवतात. न पिणाऱ्यांसाठी कोकम सरबत त्याच चांगल्या ग्लासांत द्या. स्टीलच्या पेल्यात देऊन त्यांना मुलांच्या पंगतीत बसवू नका.

गाडी कुणीही चालवायची नाही. बेलापूर स्टेशन जवळ आहे, रिक्षा-कॅब मिळतात. दोघं आतल्या खोलीत सतरंजीवर झोपतात, तेच सकाळी उरलेल्या शेंगा सोलत चहा पितात.

जुनी रेड-व्हाइट उरली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत तिच्यात काही राहत नाही, रात्रीच संपवा. टॉनी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे टिकते. मदीरा मात्र बूच लावून स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवली तरी महिनोन्‌महिने तशीच राहते. गेल्या जानेवारीतली तळाशी उरलेली चार बोटं मैत्रिणीनं गणपतीत काढली, आणि आम्ही ती उकडीच्या मोदकाबरोबर घेतली. ते काही जमलं नाही. मोदकाला साजूक तूपच हवं.